समुद्रकाठच्या घरातील पंख्यांचे आवाज आणि मंदावलेला वेग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आपले चिरेबंदी कौलारू घर आहे आणि गणपती व मे महिना सोडल्यास ते बहुतेक बंदच असते. यंदा घर उघडल्यावर असे दिसले की ओटीवरचा पंखा रेग्युलेटर पाचावर ठेवूनही जेमतेम फिरतो, माजघरातला पंखा खरखरतो आणि मधूनच वरच्या बाजूने कुईकुई करतो, तर मागच्या खोलीतला पंखा रात्री गुणगुणतो आणि इन्व्हर्टरवर गेला की ती गुणगुण आणखी वाढते. एका कारागिराने तिन्ही पंख्यांचे वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची वेटोळी, नव्याने भरून घ्यायला सांगितले आहे, आणि शेजारच्या काकांनी ओटीवरच्या पंख्याला मोठा कंडेन्सर बसवण्याचा सल्ला दिला आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मी बरीच वर्षे पंखे आणि लहान मोटारी दुरुस्त करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की एकाच घरातल्या तीन पंख्यांचे वाइंडिंग एकदम जाण्याची शक्यता फार थोडी असते, आणि मापन केल्याशिवाय कोणत्याही पंख्याचे वाइंडिंग भरू देऊ नये. आपल्याकडे पंखा बिघडतो तो बहुधा खारी दमट हवा, कमी दाबाची वीज आणि महिनोन्‌महिने न फिरणे या कारणांनी. ही कारणे वाइंडिंगच्या कितीतरी आधी बेअरिंग, कंडेन्सर आणि पंखा टांगण्याचे सांधे यांना गाठतात. हे तिन्ही भाग स्वस्तात बदलता येतात. वाइंडिंग मात्र एकदा उपसले की मूळच्या दर्जाचे पुन्हा क्वचितच होते.

पंखा खाली उतरवण्यापूर्वी एक तपासणी आपण स्वतःच करावी. पंखा पूर्ण वेगात असताना खोलीतले बाकी सगळे आवाज बंद करून नीट ऐकावे आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे. पंखा आणखी काही वेळ आपल्या गतीने फिरत राहतो, आणि त्या अवधीत आवाजाचे काय होते याकडे लक्ष द्यावे. बटण बंद केल्याक्षणी आवाज थांबला, तर तो विजेशी संबंधित आहे. म्हणजे रेग्युलेटर, इन्व्हर्टर, कंडेन्सर किंवा वाइंडिंग यांपैकी कुठेतरी दोष आहे. आवाज चालूच राहिला आणि वेग उतरेल तसा सावकाश होत गेला, तर तो यांत्रिक आहे, म्हणजे बेअरिंग, पाती, स्क्रू, दांडी किंवा शॅकल (दांडी वर अडकवणारी कडी) यांच्यापैकी कशाचा तरी आहे. या एका तपासणीने निम्मे काम होते. ती केल्याशिवाय बेअरिंग बदलणे किंवा रेग्युलेटर बदलणे म्हणजे पैसे अंदाजावर घालवणे होय.

आता ओटीवरच्या मंद पंख्याकडे वळू. येथे पहिला संशय पंख्यावर नव्हे, तर येणाऱ्या विजेवर घ्यावा. कोकणात घरे वाड्यावाड्यांतून विखुरलेली असतात आणि डीपीपासून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या घरापर्यंतची तार लांब असते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की एरवी बंद असलेली घरे एकदम उघडतात, त्यातच माडपोफळीच्या बागांना पाणी देणारे विहिरीवरचे पंप चालू असतात, आणि संध्याकाळी व्होल्टेज खाली जाते. पंख्याच्या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज सुमारे बावीस टक्क्यांनीच घटलेले असते, पण जोर मात्र मूळच्या ६१ टक्क्यांवर येतो. म्हणून दिवे ठीक दिसत असतानाही पंखा मरगळल्यासारखा फिरतो. मल्टिमीटरने सॉकेटमधले व्होल्टेज एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री आठच्या सुमारास मोजून लिहून ठेवावे. घरातले सगळेच पंखे संध्याकाळी मंदावत असतील आणि पहाटे पुन्हा ठीक फिरत असतील, तर दोष लाइनचा आहे. अशा वेळी कारागीर बोलावण्याऐवजी त्या नोंदी घेऊन महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. याच्या उलट, शेजारचा पंप चालू होताच आपले दिवे एकदम प्रखर होत असतील आणि पंखा अचानक जोरात पळत असेल, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल झाल्याची ती खूण आहे. तेव्हा मेन स्विच ताबडतोब बंद करून लाइनमनला बोलवावे.

आपल्या बाबतीत एकच पंखा मंद आहे, त्यामुळे लाइन बहुधा निर्दोष असावी. मग रेग्युलेटर पाहावा. सध्या बहुतेक घरांत पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा कंडेन्सरचा रेग्युलेटर असतो. त्यात पाचव्या स्थानावर वीज कोणत्याही कंडेन्सरमधून न जाता थेट पंख्याला मिळते. म्हणून पंखा दोन-तीनवर अडखळत असेल आणि पाचावर नीट फिरत असेल, तर दोष रेग्युलेटरचा. पाचावरही मंद असेल, तर दोष बहुधा पुढे, पंख्यातच असतो. खात्री करायची असल्यास मेन बंद करून जाणकाराकडून रेग्युलेटरच्या दोन तारा तात्पुरत्या एकमेकींना जोडून पाहाव्यात. खाऱ्या हवेने रेग्युलेटरमधल्या संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि त्यामुळे पाचव्या स्थानावरही वीज अडते, हे समुद्राकाठच्या घरांत मी पुष्कळदा पाहिले आहे.

यानंतर येतो कंडेन्सर, आणि आपल्या पंख्यात दोष इथेच असावा असे मला वाटते. छताच्या पंख्याच्या मोटारीत दोन वाइंडिंग असतात. त्यांतल्या एकाला वीज थेट मिळते आणि दुसऱ्याला कंडेन्सरमधून. त्या दोघांमधल्या फरकामुळेच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. नेहमीच्या ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट सहन करणारा कंडेन्सर असतो. दुकानात ‘अडीचचा कंडेन्सर’ असे म्हटले तरी पुरते. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिशय सूक्ष्म थर दिलेला असतो. कुठे ठिणगी पडली की तेवढ्या जागेचा धातू जळून जातो आणि कंडेन्सर निकामी न होता चालू राहतो, पण असे करत करत त्याची क्षमता घटत जाते. त्यात आपल्याकडची दमट हवा तारांच्या तोंडातून आत शिरली की धातूचा थर कडेपासून गंजत येतो. म्हणून पंखा एकाएकी बंद पडत नाही, तर दर वर्षी थोडा थोडा मंद होत जातो आणि घरच्यांना ते लवकर कळतही नाही. क्षमता मोजण्याची सोय असलेल्या मल्टिमीटरवर २.५ ऐवजी २.२ पेक्षा कमी आकडा आला, तर कंडेन्सर बदलावा. मोजण्यापूर्वी मेन बंद करून, लाकडी मुठीच्या पेचकसाने त्याची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून त्यातला भार उतरवून घ्यावा. पंखा आपोआप सुरू होत नसेल आणि काठीने पाते ढकलल्यावर मात्र फिरू लागत असेल, तर कंडेन्सर पूर्ण गेलेला आहे किंवा एक वाइंडिंग तुटलेले आहे असे समजावे.

काकांचा सल्ला मात्र मानू नये. अडीचच्या जागी चारचा कंडेन्सर बसवला की पंखा सुरुवातीला चपळ वाटतो, हे खरे. परंतु दुसऱ्या वाइंडिंगमधून नेमून दिलेल्यापेक्षा अधिक प्रवाह वाहू लागतो, मोटार गुणगुणू लागते आणि तापते, आणि एखाद्या उन्हाळ्यात वाइंडिंगवरचा वार्निशचा थर करपतो. पंख्याच्या पट्टीवर किंवा जुन्या कंडेन्सरवर जो आकडा छापलेला आहे, तोच आणावा. नवा कंडेन्सर जोडताना तारांचा क्रम लिहून ठेवावा, कारण तारा अदलाबदल झाल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा वरच्या बाजूला जातो. आपल्याकडचे पंखे खालून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात.

वेग खरोखर किती आहे हे ठरवायला यंत्राची गरज नाही. एका पात्याला खालून खडूने ठळक खूण करावी, मोबाइलवर मंद गतीचे चित्रण करावे आणि प्रत्यक्ष दहा सेकंदांत ती खूण किती वेळा फिरून आली ते मोजावे. चांगल्या स्थितीतल्या ४८ इंची पंख्याचे पूर्ण वेगाला दहा सेकंदांत साधारण ५५ ते ६३ फेरे होतात. फेरे ठीक असूनही वारा लागत नसेल, तर पाती पाहावीत. समुद्राकाठी पात्यांच्या पुढच्या कडेवर मीठ आणि धूळ यांचा चिकट थर बसतो, आणि तो कोरड्या फडक्याने निघत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाती पुसून नंतर साध्या पाण्याने मीठ काढून टाकावे. पुसताना पात्याला खालून हाताचा आधार द्यावा, नाहीतर ते वाकते.

माजघरातल्या पंख्याची खरखर बटण बंद केल्यावरही चालू राहते असे आपण लिहिले आहे, तेव्हा ती बेअरिंगची आहे. छताच्या पंख्यात दोन बेअरिंग असतात, एक वर आणि एक खाली. बहुतेक पंख्यांत ती ६२०१ किंवा ६२०२ या क्रमांकाची असतात. बंद घरातले बेअरिंग फिरून झिजत नाही, ते जागच्या जागी गंजते. पावसाळ्यात दमट हवा आत जाते, ग्रीस एका बाजूला उतरून सुकते आणि गोळी जिथे आठ-नऊ महिने टेकून राहिली तिथे पोलादावर गंजाचा बारीक खड्डा पडतो. मे महिन्यात पंखा चालू केला की प्रत्येक गोळी त्या खड्ड्यांवरून जाते आणि जात्यात खडा आल्यासारखी खरखर ऐकू येते. कौलारू घरात आणखी एक कारण संभवते. वानरांनी सरकवलेल्या कौलांतून पाणी गळून दांडीवरून ओघळते आणि थेट वरच्या बेअरिंगवर उतरते, त्यामुळे पुष्कळदा वरचे बेअरिंग लाल गंजाने भरलेले आणि खालचे जवळजवळ नवे, असे आढळते. तरीही बदलताना दोन्ही बदलावीत, कारण मोटार उघडण्याची मेहनत तेवढीच लागते.

तपासणी अशी करावी. मेन बंद करून शिडीवर चढावे, एका हाताने पाते सावकाश फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे मोटारीच्या कवचावर ठेवावीत; बेअरिंग गंजले असेल, तर बोटांना रवाळपणा जाणवतो. मग कवच दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून खाली सोडावे. टकटक असा आवाज होऊन कवच स्पष्टपणे हलत असेल, तर बेअरिंगच्या बैठकीत ढिलेपणा आला आहे आणि केवळ नवे बेअरिंग बसवून भागणार नाही. घरातला तेवढ्याच मापाचा चांगला पंखा आणि हा पंखा एकाच वेळी बंद करून कोणता आधी थांबतो तेही पाहावे. घट्ट झालेले बेअरिंग पंख्याला लवकर थांबवते आणि त्याचा वेगही खाते. मंद वेग आणि खरखर ही दोन्ही लक्षणे एकाच पंख्यात असतील, तर कंडेन्सरच्या आधी बेअरिंगच बदलावे.

बेअरिंगमध्ये तेल सोडण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजलेली आहे, आणि ती सोडायला हवी. खोबरेल तेल दोन दिवस आवाज दाबते, मग धूळ धरून चिकट होते आणि थंडीत गोठते. गंज सोडवण्याचा फवारा तर आत उरलेसुरले ग्रीसही धुऊन काढतो. बेअरिंग मागताना दुकानदार बहुधा झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असलेले देतो. समुद्रापासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतल्या घरासाठी मी त्याच क्रमांकाचे रबरी सील असलेले, म्हणजे टू आरएस बेअरिंग पसंत करतो. सीलमुळे किंचित घर्षण वाढते, पण मिनिटाला साडेतीनशे फेऱ्यांच्या वेगाला ते जाणवत नाही आणि खारी हवा बरीच अडते. नवे बेअरिंग हातोडीने थेट ठोकून बसवू देऊ नये. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर आणि कवचात बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब यावा लागतो. चुकीच्या कड्यावर ठोकले, तर गोळ्यांचा मार्ग पहिल्याच दिवशी दबतो आणि तीच खरखर नव्या बेअरिंगमधून येऊ लागते.

त्याच पंख्याची वरून येणारी कुईकुई मात्र मला खरखरीपेक्षा अधिक गंभीर वाटते, आणि तिच्याकडे आजच्या आज पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंख्याची दांडी वरच्या बाजूला हुकात किंवा तुळईला बसवलेल्या क्लॅम्पमध्ये शॅकलने अडकवलेली असते. शॅकलमध्ये रबराची चकती असते, तिच्यातून बोल्ट जातो आणि बोल्टाच्या टोकाला नट सुटू नये म्हणून दुहेरी तारेची पिन दुमडलेली असते. रबर वाळून फुटले की लोखंडावर लोखंड घासते आणि कुईकुई सुरू होते. हर्णैला बंदराजवळच्या एका घरात अशाच आवाजासाठी मला बोलावले होते. तिथे घरच्यांनी आधीच दोनदा बेअरिंग बदलून घेतले होते. हुक झाकणारी दांडीवरची वाटी खाली सरकवली तेव्हा तिच्यातून गंजाचे पापुद्रे ओंजळभर पडले. बोल्ट मधोमध झिजून पेन्सिलीएवढा उरला होता आणि दुहेरी पिन तर गंजून जागेवर नव्हतीच. खाली पाळणा होता. वाटी आवाज झाकते आणि गंजही झाकते, म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्याच्या आधी, वाटी उतरवून हुक, बोल्ट, पिन आणि दांडीची दोन्ही टोके उजेडात पाहावीत. बोल्टाच्या आट्यांवर गंजाचा पापुद्रा सुटत असेल, तर घासून रंगवत बसू नये, नवा जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट, नवे रबर आणि नवी पिन घालावी. लाकडी तुळईला क्लॅम्प असेल, तर तिथल्या लाकडाला वाळवी लागलेली नाही ना, हेही टोचून पाहावे.

डुलणाऱ्या पंख्याचा उल्लेख आपण केलेला नाही, पण कौलारू घरात दांडी लांब लागते आणि लांब दांडीवर थोडासा असमतोलही मोठा दिसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी सगळे स्क्रू घट्ट करावेत. मग पंखा बंद ठेवून शिडीवरची एकच जागा खूण म्हणून धरावी आणि प्रत्येक पात्याचे टोक हाताने तिथे आणून त्याची उंची मोजावी. टोकांत तीन-चार मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असल्यास वाकलेला पात्याचा हात हळूच सरळ करावा. पाती कारखान्यात वजनाने जुळवलेली असतात, त्यामुळे दोन पंख्यांची पाती उतरवून धुताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. प्रत्येक फेऱ्याला एकदाच होणारी टकटक मात्र बहुधा असमतोलाची नसते. एखादा सैल स्क्रू, कलंडलेली वाटी किंवा दांडीतून बाहेर आलेली तार कशाला तरी लागत असते.

मागच्या खोलीतल्या पंख्याची गुणगुण विजेची आहे. तिथे जुना गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असावा असा माझा अंदाज आहे. तो विजेची लाट मधूनमधून कापून वेग कमी करतो आणि त्या तुटक लाटेने वाइंडिंग व पत्रे थरथरतात. पंखा पूर्ण वेगाला शांत आणि मधल्या वेगाला गुणगुणणारा असेल, तर कंडेन्सरचा रेग्युलेटर बसवल्यावर आवाज जातो. इन्व्हर्टरवरची गुणगुण वेगळी आहे. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात आणि पंख्याची मोटार तिच्यावर गुणगुणतेही आणि तापतेही. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट रात्र रात्र जाते, तेव्हा शुद्ध साइन लाट देणारा इन्व्हर्टर घेणे हाच त्यावरचा उपाय आहे. पंख्यात काही बदलून तो आवाज जाणार नाही. मेनच्या विजेवर, रेग्युलेटर वगळूनही गुणगुण राहिली आणि तासाभरानंतर पंखा बंद करून कवचावर हात ठेवता येत नसेल, तरच वाइंडिंगचा विचार करावा.

वाइंडिंग तपासायला मोटारीतून येणाऱ्या तीन तारांमधला रोध दोन-दोन तारा धरून मोजावा. सर्वात मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका आला पाहिजे. एखादे माप अनंत दाखवत असेल, तर वाइंडिंग तुटले आहे; बेरीज जुळत नसेल, तर दोन वाइंडिंगांमध्ये आपसांत शॉर्ट असण्याचा संशय घ्यावा. भिजलेल्या पंख्याच्या बाबतीत मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशनही पाहावे लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे छपरे उडालेल्या घरांत कित्येक पंखे पाण्याने न जळता लाइट आल्याबरोबर ओलेच चालू केल्याने जळाले. पंखा भिजला असेल, तर कवच उघडून तो दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि मेगरचे माप घेतल्यावरच जोडावा.

कारागिराने ही मापे दाखवून वाइंडिंग खरोखर गेल्याचे सिद्ध केले, तर त्या एका पंख्यापुरता निर्णय करावा. पंखा जुना आणि पाती गंजलेली असतील, तर मी नवा पंखा घ्यायला सांगेन, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या वाडीत बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा पंखा अधिक उपयोगी ठरतो. तो साध्या पंख्याच्या ७०-८० वॅटऐवजी साधारण ३० वॅट घेतो, कमी व्होल्टेजलाही बहुतेक वेळा वेग टिकवतो आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो. त्याच्या आतले सर्किट मात्र ओल आणि विजेचे झटके यांना नाजूक असते. म्हणून तो भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून कधीही जोडू नये, आणि घर बंद करून जाताना एमसीबी खाली पाडावी. उरलेले साधे पंखे घराकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडून पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालवून घ्यावेत, म्हणजे बेअरिंगमधले ग्रीस फिरत राहील आणि गोळ्या एकाच जागी टेकून गंजणार नाहीत.